सातव्या दिवसाचे एकोणपन्नास रुपये

कोल्हापुरात शाहूपुरीत कुरिअर पोचवणाऱ्या पोराकडं एक शंभर पानी वही आहे. रोजची एक ओळ: पाकिटं किती उचलली, किती दिली, किती परत आणली, पेट्रोल किती टाकलं. पंपाच्या पावत्या त्या त्या पानाला टाचलेल्या. माघातल्या एका रविवारी संध्याकाळी सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या दारातल्या चहाच्या टपरीवर ती वही मी पहिल्यांदा हातात घेतली. आत त्याच्या जोडीदाराच्या मनगटाला प्लास्टर चढत होतं.

मी पगारपत्रकं, पीएफ, ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) असली कामं बघतो. हुपरीचे चांदीवाले, शिरोलीतले लहान कारखानदार, शहरातले दोन-तीन कुरिअरवाले माझ्याकडं येतात. हे प्रकरण त्यातल्याच एका कुरिअर हबचं. मालकाचं, कंपनीचं, पोरांचं नाव मी घेत नाही. हबमध्येही नावानं हाक मारायची पद्धत नाही. ज्याचा जो एरिया, तेच त्याचं नाव. शाहूपुरी, बावडा, आर. के. नगर, फुलेवाडी, मंगळवार पेठ. इथंही तीच नावं चालतील.

हब उचगावच्या बाजूला, एका गाळ्यात. पुण्याहून रात्री निघालेली गाडी पहाटे पाचला लागते. बॅगा फोडायच्या, पाकिटं स्कॅन करायची, एरियाप्रमाणे ढीग लावायचे आणि नऊला पोरांनी रनशीट, म्हणजे त्या दिवसाच्या पाकिटांची यादी, घेऊन बाहेर पडायचं. पाकिटं पोचवणारे अकरा जण, स्कॅनिंगला चार, वर एक सुपरवायझर. माणसं सोळा, हजेरीपटावर मात्र पाचच. उरलेले अकरा कागदोपत्री ‘डिलिव्हरी पार्टनर’. दिलेल्या पाकिटामागं १४ रुपये. गाडी त्यांची, पेट्रोल त्यांचं, मोबाईल आणि त्यातला डेटाही त्यांचाच. दोनदा जिना चढूनही पाकीट परत आलं तर त्याचा एक रुपया मिळत नाही.

रविवारी हब बंद असायचा. ती सुटी कुणी ठरवून दिलेली नव्हती, गाडीच यायची नाही म्हणून मिळायची. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात ग्रुपवर मेसेज पडला: ‘येत्या रविवारपासून हब चालू. सर्वांनी नऊला हजर राहणे.’ त्याखाली अकरा अंगठे उमटले. मालकाला वाटलं, पोरं तयार आहेत. ज्याचा एरिया उद्या दुसऱ्याला देता येतो, तो मेसेजखाली अंगठ्याशिवाय दुसरं काय टाकणार, हे मालकाच्या ध्यानात आलं नाही.

मालकाची बाजूही सांगितली पाहिजे. त्याला वरून निरोप आला होता की रविवारी माल पोचवायचा नसेल तर तुमचे पिनकोड दुसऱ्या एजन्सीकडं जातील. बारा वर्षं उभा केलेला धंदा, गाळ्याचं भाडं, दोन टेम्पोंचं कर्ज. त्यानं होय म्हटलं यात मला नवल वाटत नाही.

जोतिबाचा वार

कोल्हापुरात रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढं रांग लागते, दुपारी घराघरात तांबडा-पांढरा असतो, हंगामात शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सामना. आणि हा जोतिबाचा वार. माघात कोल्हापुरातून माणसं रात्रीच चालत वाडी रत्नागिरीला निघतात. पाच रविवार, पाच खेटे. मंगळवारची सुटी दिली तर चोवीस तास तेवढेच मिळतात, पण त्या दिवशी पोरगं शाळेत असतं, भाऊ कामावर असतो, तालमीत कुणी नसतं.

मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी रविवारच मागितला, त्यामागंही खंडोबाचा वार होता. १८८४ मध्ये त्यांनी बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन काढली आणि १० जून १८९० ला गिरण्यांमध्ये रविवारची सुटी मान्य झाली. लोखंडे सत्यशोधक. शाहू महाराजांच्या गावात ही तारीख पोराबाळांना पाठ असावी असं मला फार वाटतं.

वहीतला हिशेब

आता शाहूपुरीच्या वहीकडं येतो, कारण सगळं प्रकरण मला तिथं उलगडलं.

रविवार सुरू व्हायच्या आधी त्याचा सोमवार सगळ्यात जड असायचा. दोन दिवसांचा माल एकदम यायचा. सोमवारी तो सरासरी ७६ पाकिटं द्यायचा, मंगळवार ते शनिवार रोजची ५२. आठवड्याची झाली ३३६. चौदानं गुणलं की ४,७०४ रुपये. पेट्रोल रोज १०५, सहा दिवसांचं ६३०. हातात ४,०७४.

रविवार सुरू झाल्यावर: रविवारी २२ पाकिटं, सोमवारी ६०, बाकीचे पाच दिवस रोजची ५३. एकूण ३४७, म्हणजे ४,८५८ रुपये. पेट्रोल सात दिवसांचं ७३५. हातात ४,१२३.

फरक ४९ रुपये.

मी तीन वेळा बेरीज केली. सात तास उन्हात गाडी हाकायची, रविवार घालवायचा, आणि आठवड्याअखेर खिशात एकोणपन्नास रुपये जादा. पाकिटं काही फारशी वाढली नव्हती. रविवारी हब चालू आहे म्हणून कुणी दोन साड्या जास्त मागवत नाही. सहा दिवसांची पाकिटं सात दिवसांत वाटली गेली, एवढंच झालं. सोमवारी एकाच इमारतीत आठ पाकिटं द्यायचा तो माणूस आता रविवारी तीन आणि सोमवारी पाच द्यायला दोनदा त्याच जिन्यानं चढत होता.

‘सोमवार म्हंजे माझी दिवाळी हुती,’ तो म्हणाला. ‘ती बी गेली आन् रविवार बी गेला.’

त्यातून शाहूपुरी म्हणजे दुकानं, ऑफिसं, ट्रान्सपोर्टवाले. रविवारी शटर खाली. रनशीटवर ३६ पाकिटं असली तरी १४ परत आणायची. लक्ष्मीपुरी आणि उद्यमनगरच्या पोरांची तीच गत.

आर. के. नगरचं नेमकं उलटं. तिकडं बंगले, अपार्टमेंट, नोकरदार माणसं. एरवी दार वाजवलं तर कुणी नसतं, शेजारी पाकीट घेत नाहीत. रविवारी सगळे घरात. पहिल्याच रविवारी त्यानं ४६ पैकी ४१ पाकिटं दिली आणि दोनच्या आत मोकळा झाला. त्याला रविवार हवाच होता. त्यामुळं रविवारचा विषय निघाला की पोरांमध्येच दोन तट पडायचे, आणि मालकाला वाटायचं की कुरकुर चार-पाच जणांचीच आहे. हबवाले एकत्र बोलू शकले नाहीत त्याचं मोठं कारण हे. एकच मेसेज अकरा जणांना गेला, पण प्रत्येकाच्या एरियात रविवार वेगळा उजाडत होता.

पाकीट देताना गिऱ्हाईकाकडून घ्यायच्या रोख रकमेचं लचांड आणखी वेगळं. रविवारी सुपरवायझर चारला घरी जायचा. त्यानंतर येणाऱ्या पोरानं गोळा केलेले पैसे घरी न्यायचे. बँका बंद, आणि दुसरा-चौथा शनिवार असला तर आदल्या दिवसाचीही रोख हबच्या कपाटातच पडून. पैसे कमी भरले तर पोराच्या हिशेबातून कापून घ्यायचे. बावड्याची आई मला म्हणाली, ‘देव्हाऱ्याखाली डबा ठेवला आन् रातभर जागाच राहिलो. तेवीस हजार रुपय घरात कवा बघितलेच नव्हतो.’

तिसरा खेटा

बावड्यानं आईच्या ऑपरेशनच्या वेळी पाच खेट्यांचा नवस बोलला होता. पहिल्या दोन रविवारी त्यानं कसंबसं जमवलं. तिसऱ्या रविवारी रात्री एकला अनवाणी निघाला, डोंगर चढला, दर्शनाच्या रांगेत उभा राहिला, वडापच्या जीपनं खाली आला आणि साडेनऊला हबवर हजर. कपाळावर गुलाल तसाच. सुपरवायझरनं घड्याळाकडं बघितलं, काही बोलला नाही. रनशीटवर ४४ पाकिटं होती.

दुपारी दोनच्या सुमाराला बावड्याच्या रस्त्यावर ट्रॉलीतून पडलेल्या उसावरून त्याची गाडी घसरली. गळीत हंगामात तिथं ऊस पडलेला असतोच. त्या पोरानं तो रस्ता शेकडो वेळा तुडवलाय. ‘डोळा लागला न्हवता,’ तो मला दोन-तीनदा म्हणाला, ‘पर ध्यान न्हवतं.’ उजवं मनगट मोडलं. शुद्धीवर होता, उठून बसला आणि पहिल्यांदा बॅग कुठाय विचारलं. बॅगेत नऊ पाकिटं शिल्लक होती.

त्या नऊ पाकिटांवर अॅपमध्ये रिमार्क टाकणं भाग होतं. यादीत ‘घर बंद’ आहे, ‘ग्राहकाचा नकार’ आहे, ‘पत्ता अपुरा’ आहे. पोचवणारा पडला, असा रिमार्कच नाही. सुपरवायझरनं नऊही पाकिटांना ‘घर बंद’ टाकलं. नऊ घरांतली माणसं रविवारी दुपारी घरात बसून ‘तुमचं घर बंद होतं’ असा मेसेज वाचत असतील.

सीपीआर सरकारी, त्यामुळं उपचाराचा खर्च फार झाला नाही. खरा फटका पुढच्या सहा आठवड्यांचा. आठवड्याला चार हजार धरले तर चोवीस हजार बुडाले. त्याच्या बँक खात्यातून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे वर्षाला २० रुपये जात होते, पण ती योजना मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी आहे, मोडून पुन्हा जुळणाऱ्या हाडासाठी नाही. तो हजेरीपटावर असता तर? महिना १८,००० धरला तर ईएसआयला मालकाचे सव्वातीन टक्क्यांनी ५८५ रुपये आणि त्याचे पाऊण टक्क्यानं १३५. कामावर अपघात झाल्यावर त्या काळात सरासरी मजुरीच्या ९० टक्के पैसे मिळतात. महिन्याला ७२० रुपये भरले नाहीत म्हणून एका घराचे सहा आठवडे कोरडे गेले. बाकीच्या दहा जणांनी आपापल्या एका रविवारची कमाई त्याच्या आईच्या हातात दिली. शाहूपुरीच्या वाट्याला जेमतेम दोनशे येत होते, त्यानं पाचशे दिले.

बॅगांवरची बैठक

अपघाताच्या दुसऱ्या दिवशी रात्री आठला हबमध्ये सगळे बसले. खुर्च्या दोनच, त्यामुळं पोरं रिकाम्या बॅगांवर. मालकानं मला बोलावलं होतं ते कायदा समजावून सांगायला. मी आधी वही वाचून दाखवली.

एकोणपन्नासचा आकडा ऐकून मालक गप्प झाला. मग म्हणाला, ‘मी काय हौसेनं चालू केलाय व्हय रविवार?’ आणि त्यानं आपणहून सांगितलं की रविवारच्या पाकिटामागं कंपनी त्याला चार रुपये जादा देते. रविवारी हबमधून ३३८ च्या आसपास पाकिटं जात होती, म्हणजे साडेतेराशे रुपये. स्कॅनिंगच्या पोरांचा जादा पगार, लाईट, वॉचमन यात ते संपायचे. त्यानं फोनवर हिशेब उघडून दाखवला, लपवाछपवी नव्हती. पण रविवार पातळ आहे हे त्याला माहीतच नव्हतं, कारण पातळ दिवसाचा तोटा त्याच्या वहीत येतच नव्हता. न दिलेल्या पाकिटाचा, रिकाम्या फेरीचा, जळालेल्या पेट्रोलचा पैसा पोराच्या खिशातून जात होता.

मग कायदा. १९४८ च्या जुन्या कायद्यात आठवड्यातून एक दिवस दुकानच बंद ठेवावं लागायचं. दुकान बंद म्हणून माणूस सुटायचा. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यानं वर्षाचे ३६५ दिवस उघडं ठेवायची मुभा दिली, पण त्याच्या कक्षेतल्या प्रत्येक कामगाराला आठवड्यात सलग चोवीस तासांची सुटी द्यायला सांगितली. ती नाकारली तर दोन महिन्यांच्या आत बदली सुटी. म्हणजे दुकानाचं कुलूप गेलं, आता माणसाची सुटी माणसाच्या नावानं लिहून ठेवावी लागते. आमच्या हबमध्ये कुलूप तेवढं निघालं होतं.

‘पण ही पोरं कामगार कुठं आहेत, पार्टनर आहेत,’ सुपरवायझर म्हणाला. याच्यावर वकील वर्षानुवर्षं भांडू शकतात. मी एवढंच म्हणालो की ज्याला ‘नऊला हजर राहणे’ असा मेसेज जातो आणि ज्याच्या खाड्याचा जाब विचारला जातो, त्याला पार्टनर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यात गिग आणि प्लॅटफॉर्म कामगारांची, म्हणजे पगारावर नसलेल्या, कामागणिक किंवा अॅपवरून काम करणाऱ्यांची व्याख्या आहे, कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के त्यांच्या निधीत घालायची तरतूद आहे. पण आठवड्याची सुटी तिच्या कक्षेतली गोष्ट नाही. ती हबच्या भिंतीवरच्या तक्त्यात यावी लागते.

तक्ता करायला तीन रात्री लागल्या. रविवारी अकरा एरियांचे पाच केले: बावडा-कदमवाडी, राजारामपुरी-टाकाळा, आर. के. नगर-पाचगाव, कळंबा-फुलेवाडी, आणि शिवाजी पेठ-मंगळवार पेठ. शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, उद्यमनगरची ऑफिसं-दुकानं शनिवारी रात्रीच बाजूला काढून सोमवारसाठी ठेवायची. कंपनीनं ग्राहकानं ‘ऑफिस’ असं नोंदवलेल्या पत्त्यांपुरतं हे मान्य केलं. बाकीच्या पाकिटांच्या उशिराबद्दल कंपनी कापते ते गुण मालकानं सोसले. रविवारी पाचच जण येणार, पाळीपाळीनं, म्हणजे प्रत्येकाला महिन्यात साधारण दोन रविवार काम. पाकिटामागं १४ अधिक कंपनीचे ते चार, असे १८. आणि काही झालं तरी रविवारचे ६५० रुपये पक्के. चारनंतरची रोख घरी न्यायची नाही. मालक स्वतः सहापर्यंत हबवर बसेल.

साडेसहाशेच्या हमीवर मालक सगळ्यात जास्त अडला होता. प्रत्यक्षात ती हमी द्यायची वेळ पहिल्या दोन महिन्यांत एकदाच आली, अवकाळी पाऊस झाला त्या रविवारी. कारण हमी आली आणि मालक स्वतः शनिवारी रात्री रनशीट बघायला लागला. कुठल्या एरियात किती घरं, कुठलं पाकीट उद्या नेण्यात अर्थ नाही, हे आता त्याला कळायला लागलं. रविवारी एकेकाची ५४ च्या आसपास पाकिटं जातात. फेरी मोठी, पेट्रोल दीडशेचं, तरी आठशेच्या वर हातात राहतात.

खरी अडचण निघाली ती बदली सुटीची. रविवारी आलेल्या पाच जणांना मंगळवार ते शनिवार एकेक दिवस सुटी द्यायची ठरली. मग त्या दिवशी त्याच्या एरियात जाणार कोण? बारावा माणूस घ्यावा लागला. पाच दिवस पाच एरिया, सोमवारी जड एरियात मदत, रविवारी त्याची स्वतःची सुटी. कागदावर फार सुबक बसलं. पण पेठांमधला पत्ता कागदावर कधी कळला आहे? ‘पाटाकडील तालमीच्या मागं, दत्ताच्या देवळाला लागून, वरचा मजला’ एवढाच पत्ता, आणि मंगळवार पेठच्या पोराला त्या वरच्या मजल्यावरची म्हातारी दुपारी झोपते हेही ठाऊक. नवा माणूस पहिला महिना रोज चाळीसच्या आत अडकला. त्याला पाकिटावर ठेवला असता तर आठवड्यात पळाला असता, म्हणून रोजचे ७५० ठरवले. फरकाचे आठवड्याला हजार-अकराशे मालकाच्या अंगावर पडले. दुसऱ्या महिन्यात तो पन्नासच्या पुढं गेला.

बावडा प्लास्टर निघाल्यावर आधी स्कॅनिंगला बसला, आता परत गाडीवर आहे. उरलेले दोन खेटे त्यानं हात गळ्यात बांधूनच पुरे केले. पुढच्या माघातले सगळे रविवार त्याच्या नावापुढं आत्ताच फुलीनं मोकळे ठेवले आहेत, मालकानं स्वतःच्या हातानं. अपघात विमा मालकानं अकरा जणांचा काढला. हजेरीपटावर मात्र अजून कुणाला घेतलेलं नाही. मी दर महिन्याला ५८५ चा आकडा त्याच्यापुढं ठेवतो, तो दर महिन्याला ‘बघू’ म्हणतो. मी ठेवत राहणार.

आणि आर. के. नगर अजून नाराज आहे. त्याला चारही रविवार हवे होते, आता दोनच मिळतात. ‘साहेब, माझी पाकिटं रविवारी रिकामी हुत्यात. माझा रविवार का कापायलाय?’ त्याचं म्हणणं त्याच्या एरियापुरतं खरं होतं. बदली सुटी नको, सातही दिवस येतो, असंही तो म्हणाला. बावड्याचं मनगट बघून आलेल्या माणसानं असं म्हणावं याचं मला वाईट वाटलं, पण पाकिटावर पोट असलं की सुटी म्हणजे खाडाच. त्या दिवसाचे सहाशे रुपये कुणी देत नाही. रविवारची अदलाबदल आपसात करा, पण आठवड्यातला एक दिवस तक्त्यावर मोकळा राहिलाच पाहिजे, यावर मी अडून बसलो.

त्याला बुधवार मिळाला. गेल्या बुधवारी संध्याकाळी राजारामपुरीत आठव्या गल्लीजवळ एका हॉटेलापुढं तो मला दिसला. वेगळ्या रंगाचा टी-शर्ट, पाठीला चौकोनी पिशवी, ऑर्डरची वाट बघत गाडीला टेकून उभा.

‘आज सुटी न्हवं?’ मी विचारलं.

‘हाय की,’ तो म्हणाला. ‘पर गाडीचा हप्ता पंधरा तारखेला असतोय.’

तेवढ्यात आतून त्याच्या ऑर्डरचा नंबर पुकारला.